अनाथांचे डॉक्टर यानुश कोर्चाक

ठाणे जिल्ह्यातील आमच्या वाचकांस यहूदी लोक अगदीच अपरिचित नाहीत. कोकणपट्टीत शेकडो वर्षे राहिलेले, तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ज्यांस लोक शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल आपलेच शेजारी होते. त्यांची बोली मराठी, त्यांच्या स्त्रियांचा पोशाख आपल्यासारखाच. ठाणे शहरात १८७९ साली बांधलेले त्यांचे सभास्थान अद्याप उभे आहे. १९४८ नंतर त्यांपैकी बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी निघून गेली. पण येथे असता त्यांच्या धर्मासाठी कोणी त्यांच्या दारावर दगड मारला नाही. म्हणून युरोपात यहूदी मुलांचा जो छळ झाला, त्याची हकीकत शहापूर-मुरबाडकडील खेड्यांत वाचून दाखविली असता ऐकणारास ती सहजी खरी वाटत नाही. अॅन फ्रँक ह्या मुलीची रोजनिशी मराठीत आली आहे व शाळेतील कित्येक मुलांनी तिचे नाव ऐकले आहे. परंतु अशाच मुलांसाठी ज्यांनी गोष्टी लिहिल्या, त्यांचे न्यायालय व वर्तमानपत्र स्थापिले, आणि शेवटी त्यांचा हात न सोडता जे त्यांच्याबरोबर गेले, त्या डॉक्टर यानुश कोर्चाक ह्यांची माहिती आपल्या मंडळ्यांत फारशी नाही. ती येथे देत आहो.

त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म पोलंडातील वॉर्सा शहरी, २२ जुलै रोजी. साल १८७८ की १८७९ हे निश्चित नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. त्या काळी वॉर्सावर रशियाच्या बादशहाचा अंमल होता. वडील नामांकित वकील, आजोबा वैद्य. घर सुखवस्तू होते आणि यहूदी रीतिरिवाज त्या घरात जवळजवळ सुटले होते. आपण यहूदी आहो हे मुलास पाच वर्षांपर्यंत ठाऊकच नव्हते. ते कसे कळले ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविली आहे. त्यांचा एक पाळलेला कॅनरी पक्षी मेला. मुलाने त्यास पेटीत घालून अंगणात पुरले आणि वर लाकडाचा क्रूस लावावयास निघाला. तेव्हा घरातील मोलकरणीने पक्ष्यास क्रूस शोभत नाही म्हणून अडविले. इतक्यात रखवालदाराचा मुलगा तेथे येऊन म्हणाला की हा पक्षी यहूदी होता, आणि तूही यहूदीच आहेस. आपण ज्या चिन्हास तारणाचे चिन्ह मानतो, ते एका अजाण बालकास प्रथम अशा रीतीने दाखविले गेले की हे तुझ्यासाठी नव्हे. ख्रिस्ती वाचकांनी ह्या ठिकाणी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते.

पुढे वडिलांस वेड लागले. औषधोपचारांत घरचा पैसा सरला व १८९६ साली ते वारले. विद्यार्थिदशेतच हेन्रिकला लोकांच्या मुलांस शिकवणी देऊन आई व बहीण ह्यांचे पोट भरावे लागले. शाळा रशियन सरकारची, शिस्त वेताची. मुलांस तेथे मारीत व अपमानित करीत. त्या शाळेची आठवण त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १८९८ साली एका नाट्यलेखनाच्या स्पर्धेसाठी टोपणनाव हवे होते, तेव्हा एका जुन्या पोलिश कादंबरीच्या नायकाचे नाव त्यांनी घेतले. मूळ नाव यानाश. छापणाराच्या चुकीने यानुश झाले असे सांगतात. तेच नाव जगास ठाऊक झाले.

१९०५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि लागलीच रशिया-जपान युद्धात लष्करी वैद्य म्हणून मांचुरियात पाठविले गेले. परत आल्यावर वॉर्सातील मुलांच्या इस्पितळात काम करू लागले. श्रीमंतांकडून भरपूर फी घ्यावी व गरिबांस फुकट पाहावे अशी त्यांची रीत असे. उन्हाळ्यात शहरातील गरीब मुलांस खेड्यात हवापालटास नेत, त्या छावण्यांवरही ते जात. एके वर्षी यहूदी मुलांबरोबर, दुसऱ्या वर्षी पोलिश ख्रिस्ती मुलांबरोबर. दोन्ही छावण्यांची दोन गोष्टींची पुस्तके त्यांनी १९१० व १९११ साली प्रसिद्ध केली. मुलांनी वाचावे असे त्यांचे लेखन येथून सुरू झाले. त्यांत दिसते ते असे की नदीत डुंबणारी, झाडावर चढणारी, भांडून पुन्हा गट्टी करणारी मुले दोन्ही ठिकाणी तीच होती.

डॉक्टरांची कीर्ती व कमाई वाढत होती. तरी त्यांच्या मनास समाधान नव्हते. आजारी मूल बरे करून पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत व त्याच उपासमारीत पाठवावयाचे, ह्यात काय साधले? त्यांनी लग्न केले नाही. वडिलांचे वेड आपल्या संततीत उतरेल हे भय त्यांस होते, आणि मुलांची सेवा हाच आपला संसार असे त्यांनी ठरविले. १९१२ साली वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावर यहूदी अनाथ मुलांसाठी एक मोठे घर बांधले गेले. तेथे ते मुख्य झाले. त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का ह्या बाई. घराचा सारा कारभार, शंभरावर मुलांचे जेवण, कपडे, आजार, शाळा, हे सर्व ह्या बाईंच्या हातून चाले. डॉक्टरांच्या चरित्रांत बाईंचे नाव दोन ओळींत आटोपतात, तो अन्याय आहे. बोर्डिंग चालविणाऱ्या कोणत्याही मेट्रनबाईस विचारावे. ती सांगेल की कल्पना एकाची असते व पहाटेची चूल दुसऱ्याची.

आता ह्या घराची व्यवस्था सांगितली पाहिजे, कारण डॉक्टरांचे खरे कार्य तेथेच आहे. घरात झाडलोटीपासून भांडी घासण्यापर्यंत प्रत्येक काम मुलांकडे वाटलेले असे, आणि डॉक्टर स्वतःही जेवणानंतर ताटे उचलीत. झाडू व फडके ह्यांस तेथे मान होता. भिंतीवर सूचनांचा फळा व पत्रांची पेटी असे. ज्या मुलास तोंडाने बोलावयास भीती वाटे, त्याने लिहून टाकावे. मारामारी करणाऱ्या मुलाबरोबर डॉक्टर गोळ्यांची पैज लावीत, की पुढच्या आठवड्यात तू इतक्यांदाच मारामारी करशील. आठवड्याला एकदम सर्व वाईट सोडण्याची शपथ ते कोणास घेऊ देत नसत. कमी करीत करीत सोडावे हा त्यांचा मार्ग होता.

सर्वांत विशेष म्हणजे मुलांचे न्यायालय. ज्या मुलांवर त्या आठवड्यात काही फिर्याद नसेल, त्यांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडीत. कोणीही मूल कोणाही मुलावर अथवा मोठ्या माणसावर फिर्याद करू शके. ह्या न्यायालयाचा कायदा डॉक्टरांनी लिहिला. त्यातील पहिली नव्व्याण्णव कलमे निरनिराळ्या कारणांनी क्षमा करण्याची होती. चुकून केले, पश्चात्ताप झाला, पुन्हा होणार नाही, रागाच्या भरात झाले, इत्यादि. शंभराव्या कलमापासून दोष ठरे, आणि अगदी शेवटचे हजारावे कलम घरातून काढून टाकण्याचे असे. मारण्याची शिक्षा कोठेच नव्हती. स्वतः डॉक्टरांनी सहा महिन्यांत पाच वेळा आपल्यावर फिर्याद दाखल केली: एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकास निजण्याच्या खोलीतून बाहेर काढले म्हणून, एकास कोपऱ्यात उभे केले म्हणून, एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, व एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. मुलांनी त्यांचा न्याय केला. आपल्याकडील आश्रमशाळांत ठाकूर, कातकरी, वारली मुले आईबापांपासून दूर राहून शिकतात, आणि मिशनच्या बोर्डिंगांचीही आपल्यात जुनी परंपरा आहे. अशा ठिकाणी मोठ्या माणसाने मुलापुढे आपला अपराध मान्य केला असे किती वेळा घडते, ह्याचा विचार ज्यांच्यावर ती जबाबदारी आहे त्यांनी करावा. शिस्त ढिली पडेल हे भय खरे आहे. परंतु क्रोख्माल्ना रस्त्यावरील घर ह्याच रीतीने जवळजवळ तीस वर्षे चालले.

पहिल्या महायुद्धात डॉक्टरांस पुन्हा रशियाच्या सैन्यात जावे लागले. तोफांच्या आवाजात, छावणीच्या दवाखान्यात बसून त्यांनी मुलांवर प्रीती कशी करावी ह्या विषयावर आपले मुख्य पुस्तक लिहिले. युद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाले. मारिना फाल्स्का नावाच्या बाईंबरोबर १९१९ मध्ये पोलिश कामकऱ्यांच्या मुलांसाठी दुसरे अनाथगृह निघाले, तेथेही ते नियमाने जात. १९२० साली त्यांस विषमज्वरासारखा टायफस झाला. आईने शुश्रूषा केली. तिला तोच ताप आला व ती गेली. हा घाव त्यांस फार लागला.

१९२३ च्या सुमारास त्यांचे राजा माच्युश पहिला हे पुस्तक निघाले. पोलंडात व इतरत्र लक्षावधी मुलांनी ते वाचले आहे. बाप मरण पावल्यामुळे एक लहान मुलगा राजा होतो. त्याच्या मनात प्रजेचे, विशेषतः मुलांचे कल्याण करावे असे फार असते. तो मुलांची संसद स्थापितो. मुले मोठ्यांची कामे करू लागतात व मोठी माणसे शाळेत जाऊन बसतात. मग सर्व घोटाळा होतो, शेजारचे राजे चढाई करतात, आणि माच्युशला पकडून एका बेटावर हद्दपार करतात. लहान मुलांच्या पुस्तकाचा शेवट असा दुःखाचा कशास, असे कोणी म्हणेल. पण चांगल्या हेतूचाही पराभव होतो, हे मुलांपासून लपवून ठेवू नये असे डॉक्टरांचे मत होते. ते मुलांशी खोटे बोलत नसत.

१९२६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून मुलांचे वर्तमानपत्र काढले. लिहिणारी मुलेच, बातमीदार मुलेच, देशभरातून पत्रे येत. ते १ सप्टेंबर १९३९ पर्यंत, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या दिवसापर्यंत निघत होते. १९३४ पासून रेडिओवर वृद्ध डॉक्टर ह्या नावाने त्यांची भाषणे होऊ लागली आणि ती फार लोकप्रिय झाली. मात्र हा वृद्ध डॉक्टर यहूदी आहे म्हणून काही वर्तमानपत्रांनी ओरड केली व १९३६ साली भाषणे बंद पडली. पोलंडात द्वेष वाढत चालला होता, आणि शेजारच्या जर्मनीत तर १९३३ पासून हिटलरचे राज्य होते. डॉक्टर १९३४ व १९३६ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आले. तेथे राहावे की काय असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. स्टेफानियाबाई तर १९३८ मध्ये तेथे जाऊन राहिल्याही होत्या. पण युद्धाचे ढग दिसताच १९३९ साली त्या वॉर्सास मुलांकडे परत आल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या देशातून हा छळ निघाला तो बाप्तिस्मा पावलेल्यांचा देश होता. मार्टिन ल्यूथर ह्यांनी १५४३ साली यहूद्यांविरुद्ध जी कठोर पुस्तिका लिहिली, तिचा उपयोग नात्झी पक्षाने मोठ्या आनंदाने करून घेतला. थोड्या धैर्यवान पाळकांनी विरोध केला व तुरुंग भोगला हेही खरे. पण ते थोडे होते. आम्ही प्रोटेस्टंट म्हणविणाऱ्यांनी हा इतिहास मुलांस सांगताना तेवढे पान गाळू नये.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडात शिरले. डॉक्टरांनी पोलिश सैन्यातील आपला जुना अधिकाऱ्याचा पोशाख चढविला आणि मग तो उतरविला नाही. प्रत्येक यहूद्याने दंडावर तारकेची पट्टी बांधावी असा हुकूम झाला. ती त्यांनी बांधली नाही. १९४० च्या नोव्हेंबरात वॉर्सातील यहूद्यांस एका कोंडवाड्यात घालून भोवती सुमारे दहा फूट उंच भिंत घातली. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी जागा आणि तीत चार लाखांवर माणसे. अनाथगृहासही आपले घर सोडून आत यावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांच्या बटाट्यांची गाडी शिपायांनी हिसकावून घेतली. डॉक्टर सरळ जर्मन पोलिसांच्या कचेरीत जाऊन गाडी परत मागू लागले. त्यांस मारहाण झाली व तुरुंगात टाकले. सुमारे महिन्याने मित्रांनी जामिनाची रक्कम भरून सोडविले.

ह्यानंतरची दोन वर्षे म्हणजे भीक मागण्याची वर्षे. वय साठीच्या पुढे, पाय सुजलेले, हृदय दुबळे. रोज सकाळी पिशवी घेऊन ते दारोदार फिरत. ज्यांच्याजवळ अद्याप काही आहे अशांकडून बटाटे, पीठ, पैसा, जे मिळेल ते दोनशे मुलांसाठी आणीत. बाहेर रस्त्यावर मुले उपाशी मरून पडलेली असत. घरात मात्र पूर्वीप्रमाणेच न्यायालय भरे, मुलांचे वजन दर आठवड्यास घेतले जाई, धडे व गाणे चाले. शिवाय दुसऱ्या एका सरकारी आश्रयस्थानात हजाराच्या आसपास मुले अत्यंत वाईट स्थितीत होती, तेथले कामही त्यांनी मागून घेतले. त्यांच्या मित्रांनी, विशेषतः इगोर नेवेर्ली ह्या पोलिश लेखकाने, खोटे दाखले तयार करून त्यांस भिंतीबाहेर काढण्याची योजना केली होती. त्यांनी नकार दिला. एकटा निघून गेल्यास मुले कोणाकडे पाहतील?

आता आपल्या देशाचा संबंध जेथे येतो ती हकीकत. १८ जुलै १९४२, शनिवार. त्या दिवशी अनाथगृहातील मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे डाकघर. १९११ मध्ये बंगालीत लिहिलेले हे नाटक युरोपातील अनेक भाषांत गेले होते. अमल नावाचा एक पोरका मुलगा आजारी आहे; वैद्याने त्यास बाहेर जाण्याची मनाई केली आहे. तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या मुलीशी बोलतो आणि समोर उघडलेल्या राजाच्या डाकघरातून आपल्याला पत्र येईल अशी वाट पाहतो. गावचा मुखत्यार त्याची थट्टा करतो. परंतु अखेर राजाचा वैद्य खरेच येतो, सर्व दारे-खिडक्या उघडावयास लावितो, आणि अमल शांतपणे झोपी जातो. एस्तेर नावाच्या एका तरुण शिक्षिकेने नाटक बसविले व आब्राशा नावाच्या मुलाने अमलचे काम केले. प्रेक्षक गहिवरून गेले. हेच नाटक का निवडले असे विचारले असता, मुलांनी मरणदूतास न भिता भेटावयास शिकावे म्हणून, अशा आशयाचे उत्तर डॉक्टरांनी दिले असे सांगतात. भिंतीच्या आत कोंडलेल्या त्या मुलांस खिडकीशी बसलेला अमल समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. रवीबाबू ह्या प्रयोगापूर्वी एक वर्ष, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, वारले होते. आपले नाटक कोठे खेळले गेले हे त्यांस कळले नाही.

चारच दिवसांनी, २२ जुलै रोजी, लोकांस आगगाडीत घालून पूर्वेकडे नेण्यास आरंभ झाला. तो डॉक्टरांचा जन्मदिवस होता. कोंडवाड्यातील यहूदी मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्निआकोव ह्यांनी मुलांस पाठविण्याच्या कामी आपला हात लावण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आत्महत्या केली. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांवर माणसे नेली गेली.

५ ऑगस्टला, काही नोंदींप्रमाणे ६ ऑगस्टला, सकाळीच शिपायांनी अनाथगृहास वेढा दिला. थोड्या मिनिटांत सर्वांनी बाहेर यावे असा हुकूम. सुमारे दोनशे मुले चांगले कपडे घालून रांगेने बाहेर आली. पुढे डॉक्टर, मागे स्टेफानियाबाई व इतर शिक्षक. उन्हाच्या वेळी ती रांग शहरातून रेल्वेच्या फलाटाकडे चालत गेली. ह्या प्रसंगाभोवती अनेक कथा जमल्या आहेत: कोणी म्हणतात मुलांच्या हाती माच्युश राजाचे हिरवे निशाण होते, कोणी म्हणतात की एका जर्मन अधिकाऱ्याने डॉक्टरांस ओळखून सोडून देण्याची तयारी दाखविली. पाहणारांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आमच्या मते त्या कथांची आवश्यकताही नाही. मुले रडारड न करता गेली व डॉक्टर त्यांच्याबरोबर गेले, एवढे सर्वांच्या साक्षीत आहे. गाडी ट्रेब्लिंका येथे गेली. तेथे विषारी वायूने माणसे मारण्याचे ठिकाण होते. त्या गाडीतील कोणी परत आले नाही.

त्याच महिन्यात आपल्याकडे बेचाळीसची चळवळ पेटली होती, आणि पुढच्या २ जानेवारीस आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळ्यांस बळी पडले. दूर देशी काय चालले आहे ह्याची खबर त्या वेळी आपल्या खेड्यांपर्यंत पोहोचली नव्हती. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत पुष्कळ स्त्रिया व मुले, येऊन राहिले व १९४८ पर्यंत होते. ते बहुतांशी ख्रिस्ती. त्यांस महाराष्ट्रात आसरा मिळाला. वॉर्साच्या भिंतीआतील मुलांस तो कोठेच मिळाला नाही. काही थोड्यांस मात्र मिळाला. ईरेना सेंडलर ह्या पोलिश बाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी सुमारे अडीच हजार मुले भिंतीबाहेर काढून घरोघर व मठांत लपविली, आणि त्यांची खरी नावे कागदांवर लिहून बरण्यांत घालून जमिनीत पुरून ठेविली. दोनशे मुले एकदम अशी लपविणे मात्र कोणासही शक्य नव्हते.

जी मुले वाचली त्यांतील कित्येकांनी मोठेपणी लेखणी हाती घेतली. ऊरी ओर्लेव हे १९३१ साली वॉर्सात जन्मले. आई मारली गेली; लहान भावासह ते कोंडवाड्यातून व नंतर बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीतून वाचले आणि इस्राएलात हिब्रू लेखक झाले. १९८१ साली निघालेल्या त्यांच्या एका पुस्तकात अकरा वर्षांचा अॅलेक्स नावाचा मुलगा रिकाम्या पडलेल्या कोंडवाड्यातील मोडक्या घरात एकटा लपून बापाची वाट पाहतो. ह्या लेखनासाठी १९९६ मध्ये त्यांस बालसाहित्याचे हान्स ख्रिस्तिआन अँडरसन पारितोषिक मिळाले. आज अनेक देशांतील शाळांत मुले अशी पुस्तके वाचतात.

डॉक्टरांनी शेवटच्या तीन महिन्यांत रात्री जागून रोजनिशी लिहिली होती. शेवटची नोंद ऑगस्टच्या आरंभीची आहे. सकाळी ते खिडकीतील फुलझाडांस पाणी घालीत होते, आणि भिंतीशी बंदूक घेऊन उभा असलेला जर्मन शिपाई त्यांच्याकडे पाहत होता. तो पूर्वी खेड्यात शाळामास्तर असेल की काय, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. ते कागद कोंडवाड्याबाहेर नेवेर्ली ह्यांच्याकडे पोहोचविले गेले, फाल्स्काबाईंच्या अनाथगृहाच्या भिंतीत चिणून ठेविले गेले, आणि १९५८ साली छापून निघाले. ट्रेब्लिंका येथे आता सुमारे सतरा हजार दगड उभे केले आहेत. पुष्कळांवर नष्ट झालेल्या गावांची नावे आहेत. माणसाचे नाव एकाच दगडावर आहे, आणि त्यावर यानुश कोर्चाक ह्या नावाबरोबर मुलांचाही उल्लेख कोरला आहे.